रोजच्यासारखं वागा

मुलांच्या आक्रमकपणावर संशोधन करण्यात माझी हयात गेली, आणि माझा स्वतःचा राग कायम नाकावर. आमच्या संस्थेत हा विनोद नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवतात. मी तो हसून घेते, कारण तो खोटा नाही. सकाळी रिक्षावाल्याशी तोंड वाजवून मी संस्थेत शिरते आणि मग दिवसभर टेबलाशी बसून, चार वर्षांचं पोर शेजारच्या पोराच्या डोक्यात लाकडी ठोकळा का घालतं याचा विचार करते.

लोकांना वाटतं, मुलं आवडतात म्हणून मी या विषयात आले. मुलं आवडतात, पण ते नंतरचं. मला आधी कुतूहल होतं ते मारण्याचं. मी वाढले कसबा पेठेत. आमच्या गल्लीत मार नळाच्या पाण्यासारखा ठरल्या वेळी यायचा. दिवेलागणीला पाढे, पाढ्यांनंतर कुणाच्या तरी घरातून फटक्यांचा आवाज, मग रडणं, मग 'आवाज बंद' असा दम, आणि मग ताटं मांडल्याचा आवाज. कुणी डोकावायचं नाही. दुसऱ्याच्या पोराला मार बसत असताना मध्ये पडणं हे दुसऱ्याच्या पानातलं उचलून खाण्याइतकं असभ्य समजलं जायचं. मलाही पडायचा. आमचे वडील मारून झालं की साबण लावून हात धुवायचे, आणि मग जेवायला बसायचे.

संस्थेत लागले तेव्हा पहिलं काम मिळालं ते निरीक्षणाचा तक्ता मराठीत आणण्याचं. बाहेरून आलेल्या त्या तक्त्यात पालकाने मुलाला मारलं यासाठी एकच रकाना होता. मी आमच्या प्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, एका रकान्यात आपलं भागायचं नाही. टपली डोक्यात बसते, धपाटा पाठीत, थोबाडीत म्हणजे गालावर आणि कानाखाली म्हणजे त्याहून जोरात. चिमटा मांडीला काढतात, तोही पाहुण्यांसमोर आणि हसऱ्या चेहऱ्याने. शिवाय रट्टा आहे, गुद्दा आहे, आणि चोपणं, बडवणं, झोडपणं, फोडून काढणं हे सगळं वेगवेगळं आहे. यातला कुठलाही शब्द उच्चारला की कुठे, कशाने आणि किती, हे आपल्याकडच्या पोराला न सांगता कळतं. प्रमुखांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भाषा समृद्ध आहे हो आपली," म्हणाले. रकाने वाढवून मिळाले.

मुलाखतीत मात्र कुणीच मारत नसतं. एखादी चापट, तीसुद्धा प्रेमाने, यापलीकडे कबुली जात नाही. एक बाई तिच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. तो शाळेत मुलांना मारतो अशी तक्रार होती. आम्ही याच्यावर कधी हात उचलत नाही, हा हे कुठून शिकला देव जाणे, असं सांगता सांगता त्यांनी माझ्या टेबलाचा खण उघडणाऱ्या त्या मुलाला अशी सणसणीत ठेवून दिली की माझ्या हातातलं पेन खाली पडलं. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. वाक्य पूर्ण करून त्या मदतीच्या आशेने माझ्याकडे बघत राहिल्या.

म्हणून आम्ही घरोघरी जायला लागलो. मुलाच्या अभ्यासाच्या वेळी जायचं, स्टँडवर कॅमेरा लावायचा आणि कोपऱ्यात बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, मुलाने खेळणं आणून हातात दिलं तरी घ्यायचं नाही. पालकांना एकच सूचना असायची: आम्ही इथे नाही असं समजा आणि रोजच्यासारखं वागा.

अर्थात रोजच्यासारखं कुणी वागत नाही. पहिल्या भेटीला पोहे असतात, मुलीच्या अंगावर ठेवणीतला फ्रॉक असतो आणि आई मुलाला 'सोन्या' म्हणते, तेव्हा मूलच चमकून बघतं. म्हणून आम्ही सुरुवातीच्या भेटी हिशेबात धरायचो नाही. पुढे पुढे लोक कंटाळतात, घर आपल्या वळणावर येतं. तरीही कॅमेरा पूर्णपणे कुणी विसरत नाही. हात वर जातो, कॅमेरा आठवतो, आणि तोच हात मुलाच्या केसांवरून फिरतो. तो अर्धवट वर गेलेला हात टिपणं हेच आमचं काम. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर थांबवायचं आणि कळवायचं, असाही एक नियम होता. जिवाला धोका म्हणजे नेमकं काय, हे मात्र नियमात लिहिलेलं नव्हतं.

इतकी वर्षं मी या घरांतून बसले, आणि एकाच माणसाने आमची सूचना अक्षरशः पाळली.

ते घर हडपसरला होतं, आयटी पार्कच्या मागच्या उंच इमारतींपैकी एकीत. वडील स्वतःच्या क्लासमध्ये गणित शिकवायचे. नावाजलेले होते. विद्यार्थ्यावर कधी आवाजही चढवत नाहीत अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खरी होती. मी पुढे चौकशी केली. आई एका कंपनीत नोकरीला. संध्याकाळी दमून यायची आणि पर्स ठेवून थेट ओट्याशी जायची. मुलगी चौथीत, एकुलती एक. दोन घट्ट वेण्या, ताठ बसणं, विचारलं तेवढंच बोलणं. आमच्या सुरुवातीच्या भेटींत तिने एकदाही खुर्चीत चुळबुळ केली नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल इतकं शहाणं असलं की मला धास्ती वाटते. पण धास्तीसाठी आमच्याकडे रकाना नाही.

वडील मला 'मॅडम' म्हणत आणि 'आपण' असं बोलत. आपल्याला पंखा चालेल ना, आपल्याला इथून नीट दिसतंय ना. अभ्यास सुरू झाला की आई स्वयंपाकघरात जायची आणि मिक्सर लावायची. फार वेळ चालायचा तो. मला वाटलं, उद्याच्या डब्याची तयारी असेल.

त्या दिवशी स्वारगेटला बस लवकर मिळाली नाही, म्हणून मला पोचायला उशीर झाला. ते दारातच थांबले होते. मी दिलगिरी व्यक्त केली तर म्हणाले, अजिबात नाही, आम्ही आपल्यासाठी थांबलो होतो. मी कॅमेरा लावला आणि बसले. तोंडी गणितं सुरू झाली. ते शांतपणे विचारत होते, ती पटापट उत्तरं देत होती. मग एका ठिकाणी ती अडली.

कुणी न सांगता मुलगीच उठली, खणातून स्टीलची पट्टी काढली आणि त्यांच्या हातात नेऊन दिली. मग तिने हाताची मूठ करून पुढे धरली.

"बाळा, अशी उजेडात ये," ते म्हणाले. "मावशींना नीट दिसत नाहीये."

मला वाटलं, माझा कान मला फसवतोय. ती दोन पावलं सरकून दिव्याखाली आली आणि त्यांनी पट्टी उभी धरून धारेने तिच्या बोटांच्या पेरांवर मारली. पुन्हा प्रश्न. तिने उत्तर दिलं. पुढचा प्रश्न. ती चुकली. पुन्हा पेरांवर, मग पोटऱ्यांवर, मग खांद्यावर. प्रत्येक वेळी फटका त्याच जोराने बसत होता आणि त्यांचा चेहरा फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचा होता. राग असता तर मला समजलं असतं. रागावर माझं आयुष्य गेलंय. इथे राग नव्हताच. पेरांवरची कातडी फाटून रक्त वहीवर ठिबकायला लागलं तेव्हा त्यांनी वही बाजूला केली, खराब होऊ नये म्हणून. मुलगी रडत नव्हती. ती उत्तरं देत होती. आत मिक्सर चालू होता.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला लख्ख आठवतं. मी आत्ता उठले तर या घराचं दार आमच्या तोंडावर बंद होणार, आणि मग या मुलीचं इथे काय होतं ते बघणारं बाहेरचं एकही माणूस उरणार नाही. नाही उठले तर ती माझ्या डोळ्यांदेखत मार खाणार. पुढच्या प्रश्नाला ती गप्प राहिली. त्यांनी तिच्या दोन्ही वेण्या मुठीला गुंडाळल्या आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. आठव, म्हणाले. पुन्हा आपटलं. आठव.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि म्हटलं, "सर, सोडा तिला."

त्यांनी मान वळवली नाही. "मॅडम," ते म्हणाले, "आपण इथे नाही आहात."

मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी हिसडा दिला आणि कोपर माझ्या छातीत मारलं. मी मागे शोकेसवर आदळले, काच फुटली आणि भुवईतून रक्त डोळ्यात आलं. मग मी त्यांना मारलं. कानाखाली. चष्मा उडाला. ते वाकले, तर मी पुन्हा मारलं, मग पाठीत, मग जिथे बसेल तिथे. माझे हात पट्टीचा पहिला फटका बसल्यापासून शिवशिवत होते आणि आता त्यांना मोकळीक मिळाली होती. मारताना मला बरं वाटत होतं. हे मी कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आणि तेवढ्यात मुलगी मला चावली. दंडाला, कोपराच्या वर. नुसती चावली नाही, लोंबकळली. मी हात झटकला तरी दात सुटेनात. बाबांना मारू नका, असं ती तोंडात माझं मांस धरून ओरडत होती. मिक्सर थांबला आणि आई धावत आली. तिने मुलीची हनुवटी दाबून तिचा जबडा उघडला. सुटल्याबरोबर मुलगी वडिलांच्या मागे जाऊन उभी राहिली, ओठांना माझं रक्त लागलेलं. त्यांनी चष्मा शोधला, डोळ्यांवर लावला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाब्बास," म्हणाले.

मी कॅमेरा उचलला, बाहेर पडले आणि जिन्यातूनच बालकल्याण समितीला फोन केला. मग रिक्षा केली, दवाखान्यात टाके घालून घेतले, इंजेक्शन घेतलं आणि रक्ताळलेल्या बाहीनिशी प्रमुखांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग म्हणाले, "आपण निरीक्षणाला गेला होतात की निकाल लावायला?" मी म्हटलं, दोन्हीला. त्यावर ते म्हणाले की यापुढे माझं घरोघरी जाणं बंद, आणि कॅमेऱ्यातलं चित्रण आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे द्यायचं. मी दिलं.

मार खाणारं मूल मारणाऱ्यालाच का बिलगतं, हे मी कित्येक वर्षं वर्गात शिकवत आले होते. त्याच्या वाट्याला आलेलं घर तेवढंच असतं. जो हात मारतो तोच भरवतो, तोच तापात कपाळावर असतो. त्या हातावर कुणी हल्ला केला तर मूल स्वतःच्या जिवासाठी झुंजावं तसं झुंजतं. फळ्यावर हे लिहून देताना माझं अक्षर फार छान यायचं. दंडावरच्या जखमेत पू झाला आणि ती आठवडाभर ठणकत राहिली, तेव्हा मी पहिल्यांदा ते समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी समितीची माणसं त्या घरी गेली. मुलगी म्हणाली, मी जिन्यात पडले. आई म्हणाली, मी स्वयंपाकघरात होते. हाताला पट्ट्या बांधलेली मुलगी त्याच घरात राहिली. मला झोप लागेना. आता त्या घरात तोंडी गणितं चालू असतील, आणि आज तर मी केलेल्या तमाशाची वसुलीही तिच्याकडूनच होत असेल, एवढाच विचार. चित्रण समितीला दाखवायचं तर संस्थेची गुप्ततेची अट आड येत होती. प्रमुख वकिलांकडे खेटे घालत होते, वकील कागद मागवत होते. मी सगळ्यांवर खेकसत होते.

शेवटी यातून वाट काढून दिली ती मुलीच्या वडिलांनीच. त्यांनी पोलीस चौकीत माझ्याविरुद्ध तक्रार दिली: संशोधनाच्या नावाखाली घरात शिरून मारहाण केली. आणि पुरावा म्हणून त्यांनी स्वतः आमचंच चित्रण मागितलं. ते बघितल्यावर कुणालाही शंका उरणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. त्यांचीच मागणी म्हटल्यावर संस्थेची अडचण उरली नाही. मी चौकीत गेले तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, बायकोला साक्षीदार म्हणून आणलं होतं. मुलगी शाळेत होती. फौजदार एक तरुण बाई होत्या. आमच्या प्रमुखांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि चित्रण सुरू केलं.

सगळे बघत होते. पट्टी, पेरं, पोटऱ्या. वडील मधूनमधून समजावत होते, अगदी मन लावून. ही एकाग्रतेची पद्धत आहे. क्लासमध्ये लोकांची मुलं असतात, तिथे हे करता येत नाही, म्हणून तिथे निकाल मर्यादित राहतो. मॅडमच्या संशोधनाला खरी पद्धत मिळावी म्हणून आपण काहीच लपवलं नाही. फौजदारबाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. मला तेव्हा कळलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्या चित्रणात मारहाण एकच आहे, आणि ती पुढे आहे, अशी त्याची मनापासून खात्री होती.

"हा मागे आवाज कसला येतोय?" फौजदारबाईंनी विचारलं.

बायको इतका वेळ मान खाली घालून होती. तिने वर पाहिलं. "मिक्सर," ती म्हणाली. "माझा. रिकामाच फिरवते मी."

"कशाला?"

"मुलीचा आवाज कानावर येऊ नये म्हणून."

लॅपटॉपमधून डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मुलीची आई हे पहिल्यांदाच बघत होती. रोज ऐकत होती, किंवा ऐकायचं टाळत होती, पण बघत पहिल्यांदाच होती. तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, दोन्ही गालांवर, जीव खाऊन. बांगड्या फुटल्या, गालावर ओरखडे उठले, तरी ती थांबेना. फौजदारबाई आणि मी दोघींनी मिळून तिचे हात धरले, तेव्हा ती टेबलाच्या कडेवर डोकं आपटायला लागली.

नवरा जागचा हलला नाही. "बघा," तो फौजदारबाईंना म्हणाला, "हिचा स्वतःवर अजिबात ताबा नाही. आपण पुढे घ्या ना जरा. मॅडमचं पुढे आहे."

त्याच दिवशी बायकोने जबाब दिला. मुलीला शाळेतून परस्पर मामाकडे नेलं, कसबा पेठेत, माझ्या जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर. समितीने मुलीला आईपाशीच ठेवायचं ठरवलं आणि वडिलांना एकट्याने भेटायची बंदी घातली. पुढे तो जामिनावर सुटला. खटला चालू आहे. माझ्यावरची तक्रारही अजून मिटलेली नाही. तारखेला आम्ही दोघं एकाच बाकावर दोन टोकांना बसतो आणि तो मला न चुकता नमस्कार करतो.

मुलगी सुटली, असं सगळे म्हणायला लागले. मी म्हटलं, थांबा. मामाच्या घरी पहिले काही दिवस ती कोपऱ्यात बसून होती. मग तिने मामेभावाच्या हातात पेन्सिल खुपसली. मामीच्या अंगावर गरम आमटीचं भांडं फेकलं. कुणी रागावलं नाही, तर ती भिंतीवर स्वतःचं डोकं आपटायची, अगदी त्याच लयीत. शाळेतून बोलावणं आलं, मग शाळेने हात टेकले. मामा भला माणूस होता, पण दोन खोल्यांत किती दिवस पुरणार. त्याने बहिणीला सांगून टाकलं की असंच चाललं तर मुलीला कुठल्या तरी वसतिगृहात ठेवावं लागेल. आईने तिला आमच्याकडे आणलं.

तिच्यावर उपचार करणारी मी नव्हतेच. जिने वडिलांना मारलं त्या बाईकडे मुलीला सोपवणं कुठल्याच शास्त्रात बसत नाही. तिला आमचे बालमनोविकारतज्ज्ञ बघत होते. शांत माणूस, मुलांमध्ये लोकप्रिय. त्यांच्याशी ती महिनोन्महिने एक शब्द बोलली नाही. खोलीतली खेळणी मोडायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. मग एक दिवस त्यांचा मला फोन आला.

"ती बोलली," म्हणाले. "ज्या मावशीला मी चावले ती हवी म्हणते. पेशंटची आवड चमत्कारिक आहे, पण माझा इलाज नाही."

मी गेले. मुलगी खेळाच्या खोलीत सतरंजीवर बसली होती. वेण्या नव्हत्या, केस आखूड कापलेले. डॉक्टर मागे स्टुलावर होते. मी समोर बसले आणि तिला म्हटलं, तू बोलावलंस म्हणून आले. तिने वाळूचा ट्रे उचलून माझ्या अंगावर ओतला. वाळू डोळ्यांत गेली. मी डोळे चोळत होते तेवढ्यात लाकडी ठोकळा माझ्या गुडघ्यावर बसला. नंतर दुसरा, त्याच जागी. ती थुंकली. डॉक्टर अर्धवट उठले, मी त्यांना हाताने खूण करून बसवलं. ठोकळे संपल्यावर ती धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही कधी मारणार?" तिने विचारलं.

"मी तुला मारणार नाही."

"बाबांना मारलंत."

'कधी मारणार' हा प्रश्न मी अनेक मुलांकडून, अनेक प्रकारे ऐकला आहे, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते विद्यार्थ्यांना शिकवलंही आहे. पण ही मुलगी त्या दिवशी त्या खोलीत होती. तिने माझा हात पाहिला होता. माझ्या त्या एका हाताने तिला त्या घरातून काढलं होतं, आणि त्याच हातामुळे माझ्या कुठल्याही आश्वासनावर तिने विश्वास ठेवायचं कारण उरलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "मारलं. मला फार राग आला होता."

"आत्ता नाही आला?"

"आलाय. गुडघा दुखतोय माझा. तरी तुला मारणार नाही."

"बघू," ती म्हणाली.

तिने टेबलावरचा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि गणितं लिहायला लागली. स्वतःच घालायची, स्वतःच सोडवायची. गुणाकार, भागाकार, वजाबाक्या. हात भराभर चालत होता. मी वाकून बघितलं. पहिलं उत्तर चुकीचं होतं. दुसरंही. मग माझ्या लक्षात आलं की नजरचुकीनेसुद्धा एखादं बरोबर येऊ नये याची ती काळजी घेत होती. ज्या मुलीच्या जिभेवर सगळे पाढे होते, ती जीभ दाताखाली धरून, मोठ्या कष्टाने चुकत होती. कागद भरला. तिने तो माझ्यासमोर सरकवला.

"तपासा."

बरोबर आहे म्हटलं असतं तर ते खोटं तिने क्षणात ओळखलं असतं. मी लाल पेन घेतलं आणि एकेक गणित तपासून फुली मारत गेले. शेवटची फुली मारली आणि म्हटलं, "सगळं चुकलंय."

तिने हाताची मूठ केली आणि पुढे धरली. पेरांवर पांढरे वण होते. डोळे माझ्या चेहऱ्यावर नव्हते, माझ्या हातावर होते. मी हात टेबलावर तसाच राहू दिला. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की पुन्हा समोर आला असता तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. तिने मूठ पुढेच ठेवली. दंड अवघडला, कापायला लागला, तिने दुसऱ्या हाताने त्याला आधार दिला, तरी मागे घेतला नाही.

"मग?" तिने विचारलं.

"मग काही नाही. चुकलंय, एवढंच."

"अजून एक कागद द्या."

तोही तिने चुकवला. मी तोही तपासला. या वेळी मूठ पुढे आली, पण थोडाच वेळ. तिसरा कागद अर्धा झाला होता तेव्हा डॉक्टरांनी वेळ संपल्याचं सांगितलं. झालं होतं तेवढ्यावर मी फुल्या मारल्या. तिने तीनही कागद गोळा केले, नीट एकावर एक लावले आणि दार उघडून बाहेर पळाली.

बाहेरच्या बाकांवर गर्दी होती. आई पर्स छातीशी धरून उभी होती. ती मुलीकडे बघत होती, मागून लंगडत येणाऱ्या माझ्याकडे बघत होती. मुलीने ते लाल फुल्यांनी भरलेले कागद तिच्या हातात दिले आणि बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगितलं, "आई, एकसुद्धा बरोबर नाही."